मूग, तूर की हरभरा

ज्या वर्षी यवतमाळात कापसाचा भाव विचारला की माणसं उत्तर न देता चहा मागवायची, त्या वर्षी लोहाऱ्याच्या जमीर मिस्त्रीच्या घरात वाद पेटला होता तो भलताच. जमीरच्या सतरा वर्षांच्या जेबानं पिस्तुलात कोणती गोळी घालायची, यावर त्या घरात ताटातल्या भाकरी थंड होत होत्या.

जमीर जिनिंगची यंत्रं दुरुस्त करायचा. कापसातून सरकी काढणारे रेचे जिल्हाभरातून त्याच्या शेडमध्ये यायचे. मंदीत नवं यंत्र कोणी घेत नव्हतं, जिनिंगवाले जुन्यालाच ठाकठीक करून हंगाम ओढत होते, त्यामुळे जमीरची शेड कधी गप्प नसायची. घर शेडला लागूनच. रेचा सुरू झाला की भिंतीवरची भांडी थरथरायची, आणि रेच्याच्या पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना मधूनच ‘फट्’ असा आवाज यायचा. पाहुणे दचकायचे. घरातलं कोणी पापणीही हलवत नसे.

नेमबाजीची वाट जेबाला दाखवली अर्पितानं. दोघी एका वर्गातल्या. अर्पिताच्या घरची तुरी-कापसाची शेती, आणि तिचे मामा वामनराव पोलीस खात्यातून निवृत्त होऊन टेकडीच्या पायथ्याशी नेमबाजीचा छोटा क्लब चालवत. जेबा नुसती बघायला म्हणून गेली होती. वामनरावांनी तिच्या हाती पिस्तूल दिलं, तिनं एक छर्रा मारला. वामनरावांनी कागदाकडे पाहिलं आणि दुसरा छर्रा पुढे केला. त्या माणसाची शाबासकी अशीच असते, हे अर्पितानं तिला परतीच्या वाटेवर सांगितलं.

पुढं दोन वर्षं जेबा शेडच्या मागच्या भिंतीपाशी सराव करत राहिली. क्लबचं एक जुनं हवेचं पिस्तूल वामनरावांनी तिला घरी वापरायला दिलं होतं. टाकाऊ रुईची एक गाठ उभी करायची, तिच्यावर कागद टोचायचा आणि छर्रे मारायचे. छर्रे रुईत रुतून बसत. दादी सुग्राबी दाराशी बसून लोखंडी खलबत्त्यात पान कुटायची, कारण तिच्या तोंडात पान चावण्याजोगे दात उरले नव्हते. इकडे रेचा, तिकडे खलबत्ता, आणि मधोमध हात लांब करून उभी असलेली जेबा.

मग पुण्याच्या राज्य स्पर्धेची बातमी आली.

वामनरावांनी दोघींना समोर बसवून टेबलावर तीन गोळ्या मांडल्या. “हा साडेचार मिलिमीटरचा छर्रा. हवेच्या पिस्तुलाचा. दहा मीटर, बंद हॉल, एकदम शांत. ही टू-टू. खरी काडतुसाची गोळी, पंचवीस मीटर, उघड्यावर. आणि ही बत्तीस. ही मोठी. क्लबाकडे काडतुसं मोजकी आहेत, वेळही नाई. एका पोरीनं एकच प्रकार धरायचा. महिनाअखेरच्या चाचणीत जी टिकली ती पुण्याले जाईन. नाव मात्र मले या शुक्रवारपर्यंत पाह्यजे.”

संध्याकाळी जेबानं घरी गोळ्यांची मापं समजावली. सुग्राबीचं सगळं आयुष्य केळापूरकडच्या शेतकऱ्यांत गेलेलं. तिनं आकार नीट ऐकून घेतला आणि निकाल दिला.

“म्हंजे एक मूग, एक तूर, अन् एक हरभरा.”

त्या दिवसापासून घरात कोणी टू-टू किंवा बत्तीस म्हणालं नाही.

“हरभराच घे बेटा,” जमीर म्हणाला. “मारायचंच हाय त कमीत कमी मारल्यासारखं तरी वाटलं पाह्यजे.”

“अब्बा, तो कागद असते. मारल्यासारखं त्याले कायले वाटन?”

“कागदाले नसन वाटत. पाह्यनाऱ्याले वाटते.”

“पोट्टीचा हात पाह्य कसा हाय, तुरीच्या काडीसारखा,” सुग्राबी म्हणाली. “मूगच बरा. त्यानं धक्का नाई, धूर नाई.”

सगळं गाव मुगाच्याच बाजूनं होतं. पोरीच्या जातीला हवेचं पिस्तूल बरं, असं शेजारीही सांगून गेले. जेबालाही तेच पटत होतं, कारण दोन वर्षं हातात होतं ते तेच. एकच गोष्ट तिला समजत नव्हती. घरच्या गाठीवर तिचे छर्रे एकाच भोकातून गेल्यासारखे जायचे, आणि क्लबच्या हॉलमध्ये उभं राहिलं की तेच छर्रे कागदभर पांगायचे. तिथं अर्पिता तिच्या पुढं असायची, दर वेळी. टू-टूची गोळी जेबानं मोजक्याच वेळा मारली होती आणि ती बरी लागली होती, पण नवशिक्याचं नशीब म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

पुण्याला जायचं तिच्या फार मनात होतं. यवतमाळचं नाव तेव्हा पेपरात यायचं ते एकाच तऱ्हेच्या बातमीत. बाहेरगावचे पत्रकार गाड्या करून यायचे आणि जो भेटेल त्याला घरात किती माणसं उरली ते विचारायचे. एकानं तर जमीरलाच गाठलं होतं. “मी मिस्त्री हाय साहेब, माहे सगळे शाबूत हायेत,” असं जमीरनं सांगितल्यावर तो बिचारा हिरमुसून निघून गेला होता. पेपरच्या मागच्या पानावर, खेळाच्या बातम्यांत, एकदा तरी यवतमाळ छापून यावं असं जेबाला वाटायचं. खाली आपलं नाव असलं तर आणखी बरं.

जमीरला लेकीची ही तगमग दिसत होती. बापानं काय करावं, तर त्यानं घरात शांतता आणली.

“नेमाले एकाग्रता लागते,” तो म्हणाला. “शुक्रवारपर्यंत शेड बंद. एकही रेचा फिरनार नाई.”

गिऱ्हाइकांना त्यानं सांगितलं की मोटार जळाली. रेडिओ कपाटात गेला. आणि पहिल्या दिवशी दुपारी तो आईपुढं हात जोडून उभा राहिला.

“अम्मी, थोडे दिवस खलबत्ता नको.”

“मंग पान कसं खाऊ म्या?”

“चघळ.”

“चघळाले काही गोळी हाय का ते,” सुग्राबी म्हणाली आणि खलबत्ता पदराखाली घेऊन आत गेली.

घर इतकं शांत झालं की नळाचं पाणी बादलीत पडताना ऐकू यायचं. जेबा हात लांब करून उभी राहिली. तिला पहिल्यांदाच स्वतःचा श्वास ऐकू आला. मग छातीतले ठोके. मग ट्रिगरमधली बारीकशी करकर. दूर रस्त्यावर कोणी सायकलची घंटी वाजवली आणि तिचा हात दचकला. छर्रा गाठीच्या कडेला लागला. दुसरा गाठ सोडून भिंतीला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं पिस्तूल पेटीत ठेवलं आणि पायरीवर येऊन बसली.

“काहून बसली?” सुग्राबीनं विचारलं.

“दादी, माह्या हातातलं गेलं सारं. मी अर्पिताले सांगतो का तूच जाय पुन्याले.”

सुग्राबी तिच्याशेजारी बसली. तोंडात न कुटलेलं पान होतं, ते तिनं एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

शुक्रवारी सकाळी पूनमसिंग आला. दारव्ह्याच्या वाटेवर त्याचं जिनिंग होतं. तो ट्रॅक्टरवर रेचा घेऊनच आला होता आणि मोटार जळाल्याची गोष्ट त्यानं ऐकून घेतली नाही.

“मिस्त्री, माह्याकडे कापसाच्या गाड्या उभ्या हायेत. जळाली त जळाली, माही मोटार घेऊन येतो. पण आज चालू करून दे.”

जमीरनं लेकीकडं अपराध्यासारखं पाहिलं. जेबा म्हणाली, “करा अब्बा. माहं आता काय अडते.”

दुपारपर्यंत रेचा जोडून झाला. जमीरनं बटण दाबलं. भांडी थरथरली. पट्टा फिरायला लागला, आणि तो ओळखीचा ‘फट्’ भिंतीवर आदळला. सुग्राबीनं कोणाला न विचारता खलबत्ता बाहेर आणला.

जेबानं पेटी उघडली ती खरं तर पिस्तूल पुसून परत करायला. पण हात आपसूक वर गेला. रेच्याच्या खडखडाटानं तिच्या डोक्यातला सगळा गलका झाकून टाकला. श्वास ऐकू येईना, ठोके ऐकू येईनात. समोर फक्त काळा ठिपका उरला. तिनं मारला. पुन्हा मारला. मारतच राहिली. मग गाठीपाशी जाऊन कागद काढला आणि तो उजेडाला धरला. मधोमध चिंचोक्याएवढं एकच भोक होतं.

तिनं कागद बापापुढं धरला. जमीरनं तो पाहिला, मग धडधडणारा रेचा पाहिला, मग पान कुटणारी आई पाहिली.

“म्हंजे शेड बंद करून मी...” तो म्हणाला.

“तुमी माह्यासाठीच केलं अब्बा,” जेबा म्हणाली आणि हसायला लागली. जमीर आधी ओशाळला, मग तोही हसला. सुग्राबी मात्र हसली नाही. तिला चार दिवसांचं पान वसूल करायचं होतं.

त्याच संध्याकाळी जमीर लेकीला घेऊन क्लबवर गेला.

“सर, माहं नाव टू-टूत लिहा,” जेबा म्हणाली. “हॉलमंदी शांतता लय हाय. मले जमत नाई तिथं. बाहेर आजूबाजूचे बार वाजतात न, तिथं मले घरी असल्यासारखं वाटते.”

वामनरावांनी दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. “बाजूच्या बारानं भलेभले नेमबाज डोळे मिटतात. अर्पिता त कानात बोटं घालते.”

“मामा, बोटं नाई घालत मी,” अर्पिता म्हणाली. “नुसती मिटतो डोळे.” मग जेबाच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “बरं झालं बाप्पा. तू हॉलमंदी असतीस त कोनाले तरी एकीले रडा लागलं असतं.”

जमीर अजून रेंगाळत होता. “वामनराव, आवाजच पाह्यजे त बत्तीसच द्या न. हरभऱ्याचा आवाज जास्त असन.”

“जमीरभाई, बत्तीसचा सामना पुरुषांचा असते. पोरींसाठी तो प्रकारच नाई.”

“ते बत्तीस मी त पोरीयले नुसती दाखवाले मांडली होती,” वामनराव पुढं म्हणाले, पण जमीरचं लक्ष नव्हतं. त्याचा चेहरा पडला होता. खिशातून त्यानं फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. धावड्याच्या लाकडाची पिस्तुलाची मूठ होती ती. क्लबच्या बत्तीसचं माप गुपचूप घेऊन, पोरीचा हात झोपेत मापून, रात्रपाळी करून त्यानं ती कोरली होती.

वामनरावांनी मूठ उलटीपालटी केली. आतल्या कपाटातून एक पिस्तूल काढलं, त्याची वरची नळी खोलून बाजूला ठेवली, दुसरी बसवली. “आमच्याकडे पिस्तूल एकच हाय. नळी बदलली का बत्तीसचं टू-टू होते. मूठ तीच राह्यते.”

मूठ बसली. जेबानं हातात घेतली, आणि तिची बोटं जिथं जायला हवीत तिथं आपोआप गेली.

“तूर,” जमीर म्हणाला. “ठीक हाय. आपली तूरच बरी.”

चाचणीच्या दिवशी पंचवीस मीटरच्या रांगेत वर्धा-अमरावतीच्या पोरी उभ्या होत्या. पत्र्याच्या छपराखाली मागं बाकांवर घरची माणसं बसली. सगळ्या मुलींच्या कानांवर जाड कानटोप्या होत्या, तरी प्रत्येक बाराचा दणका छातीला कळायचा. डावीकडून बार झाला, उजवीकडून झाला, पलीकडच्या मुलीचा खांदा उडाला. जेबाला वाटलं, पूनमसिंगचा रेचा आला की काय. गोळ्या काळ्यात जात राहिल्या.

पण जेबा सावकाश मारणारी. शेवटच्या फेरीत बाकीच्यांच्या गोळ्या संपल्या आणि तिच्या पिस्तुलात एक उरली. बाकीच्यांनी पिस्तुलं खाली ठेवली. रांगेवर एकदम शांतता पसरली.

जेबाला आपला श्वास ऐकू आला. मग ठोके. तिनं पिस्तूल खाली घेतलं, पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली घेतलं. घड्याळ चालू होतं. मागच्या बाकावर जमीरनं डोळे मिटून घेतले.

ठक.

ठक, ठक. ठक.

वामनराव गर्रकन वळले. बाकावर मांडी घालून सुग्राबी लोखंडी खलबत्त्यात पान कुटत होती, केळापूरच्या ओसरीवर बसल्यासारखी निवांत. अमरावतीच्या एका बाईनं ‘शूऽऽ’ केलं. सुग्राबीनं तिला मान हलवून पान खाणार का म्हणून विचारलं.

कानटोपीतून जेबाला तो आवाज आला तो दुरून, बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखा. तिचा खांदा सैल झाला. हात वर गेला. काळा ठिपका जागच्या जागी थांबला, आणि गोळी गेली.

कागद आणला गेला. वामनरावांनी शेवटच्या भोकावर बोट ठेवलं आणि कागद जेबाच्या हातात दिला. दहा गुणांच्या वर्तुळाच्या रेषेलाही ते भोक शिवलं नव्हतं, पार मधोमध होतं. टू-टूत तिचं नाव पुण्याला लागलं. हवेच्या पिस्तुलात अर्पिताचं सकाळीच लागलं होतं, आणि ती बाकावरून उडी मारून पळत येत होती.

“आजी,” वामनराव सुग्राबीपुढं उभे राहिले, “रांगेमागं आवाज करत नसतात.”

“मले तलफ आलती बावा,” सुग्राबी म्हणाली. “घरात कुटाले बंदी, इथं बी बंदी. म्हातारीनं कुठी जा?”

“पुन्याले असं चालनार नाई.”

“पुन्याले म्या कुठी जाऊन राह्यलो?”

जमीरनं आईच्या हातातला खलबत्ता घेतला, पुसला आणि तिच्या पिशवीत ठेवला. “जाऊन राह्यली तू, अम्मी. तुहं तिकीट मी काढतो.”

सुग्राबीनं कुटलेलं पान गालात ठेवलं. मग नातीला जवळ बोलावून विचारलं, पुण्यात विड्याची पानं बरी मिळतात का, की इथूनच न्यायची.