न गाणाऱ्यांची रांग

चाळीस पोरं मंचावर उभी होती, चाळीस तोंडं एका तालात उघडत-मिटत होती आणि त्यांतली अकराच गात होती. ही गोष्ट त्रिभुवनात एकट्या पेटीसरांना ठाऊक होती.

पेटीसर म्हणजे मुलांच्या शाळेतले गाण्याचे मास्तर. पेटी वाजवत म्हणून पेटीसर. खरं नाव पगाराच्या दिवशी कारकुनाला आठवायचं, एरवी कोणालाच नाही. आता मुलांच्या शाळेतलं गाणं म्हणजे पिकल्या बोरांची टोपली. सकाळी गोड, संध्याकाळी त्यात अळी. सातवीत कोकिळेसारखा गाणारा पोरगा नववीत जाईस्तोवर गंजलेलं फाटक होतो. आठ वर्षांपूर्वी पेटीसरांकडे अशी अकरा बरी पोरं उरली होती, तेव्हा हेडसरांनी टेबलावर मूठ आपटली होती.

"अकरा पोरं म्हणजे क्रिकेटचा संघ झाला हो! गायनाला चाळीस हवीत. मंच भरलेला दिसला पाहिजे."

मंच भरायचा तर फाटकंही उभी करणं आलं. पेटीसरांनी एकेका पोराला गाण्याच्या खोलीतल्या कपाटामागे नेलं आणि कानात सांगितलं, "बाळा, तुझा आवाज सध्या पिकतोय. कच्चा तोडलास तर जन्माचा जाईल. तू नुसते ओठ हलव. प्राण गेला तरी आवाज काढायचा नाही. आणि हे कोणाला बोलायचं नाही, आपल्या दोघांतलं आहे."

झालं! प्रत्येकाला वाटलं, मुका मी एकटाच, बाकीचे एकोणचाळीस गातायत. शरमेपायी जो तो गप्प बसला. आणि तालीम तर अशी कडक, की श्वास कुठे घ्यायचा, मानेची शीर कुठे फुगवायची, वरच्या सुराला भुवया किती चढवायच्या, सगळं ठरलेलं. गेल्या वर्षी 'उत्कृष्ट गायक' हे पदक ढोल्या नावाच्या दांडग्या पोराला मिळालं. ढोल्यानं तीन वर्षांत मंचावर शिंकेचासुद्धा आवाज काढलेला नव्हता. त्याच्या आईनं ते पदक बैठकीत टांगलं आणि येईल त्या पाहुण्याला खुर्ची देण्याआधी ते दाखवलं.

अशा आंतरशालेय स्पर्धेतल्या सात ढाली आल्या. पहिल्या रांगेपुढे माइक, पेटीचा भाता जोरात आणि देव पाठीशी.

या वर्षी मात्र हेडसर गाण्याच्या खोलीत टेप घेऊन आले होते. लांबी मोजली, रुंदी मोजली, कपाट सरकवून भिंत मोजली. "इथे बारा संगणक बसतात," ते म्हणाले. "वरून विचारणा झाली आहे, पेटीसर. आठवी ढाल आणलीत तर मी भांडेन. नाहीतर सोमवारी सुतार येईल. गाण्याचा तास बंद म्हणजे गाण्याचे मास्तरही... तुम्ही समजून घ्या."

पेटीसरांनी समजून घेतलं. वय बावन्न, थोरलीचं कॉलेज, धाकटीची दहावी, आणि हाताला पेटीशिवाय दुसरं काही येत नाही. घरी सांगितल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मग आणा ढाल. सात आणल्यात, आठवीला काय शिंगं आहेत?"

शिंगं होती. या वर्षी स्पर्धेला परीक्षक म्हणून सोनकान गुरुजी आले होते.

सोनकानांच्या कानांबद्दल लोक काय काय सांगायचे! पाठमोरे बसून, खाली पडलेल्या पळीच्या आवाजावरून ती कोणाच्या स्वयंपाकघरातली ते ओळखत, म्हणे. एकदा शेजारचा माणूस खोटं बोलतोय हे त्यांनी त्याच्या आवंढ्यावरून पकडलं आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. वय ऐंशीच्या घरात, अंगावर मांस नाही, नुसते कान. सोबतीला सून असायची, पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर सांभाळायला.

गाणं संपलं. सभागृहानं टाळ्यांचा पाऊस पाडला. पेटीसर घाम पुसून उठणार, तोच सोनकान काठी टेकत मंचावर चढले.

"पेटी बंद करा," ते म्हणाले. "माइकही काढा. मोठ्यानं गायलं की सगळेच सुरेल. खरा सूर हळू गाताना कळतो. आता एकेक रांग गाईल. अगदी हळू, कुजबुजल्यासारखं. लोकांना ऐकू आलं नाही तरी चालेल, मला येईल. मी रांगेतून चालत जाणार."

पेटीसरांनी पेटीचा भाता मिटला.

पहिल्या रांगेत तेरा पोरं, सहा गाणारी. दोन मुक्यांमध्ये एक गाणारा अशी कलाकुसर पेटीसरांनीच केलेली. सोनकान कान पुढे करून चालत गेले. सभागृहाला टाचणी पडलेलीही ऐकू आली असती, पण गाणं ऐकू येत नव्हतं. इतकं ते हळू होतं. सोनकानांनी मान डोलावली, कागदावर काही लिहिलं. दुसऱ्या रांगेत पाच गाणारी. तिथे ते दोनदा थबकले, मागे वळले, पुन्हा पुढे गेले. पेटीसरांची बोटं बंद पेटीवर आपोआप फिरत होती.

मग तिसरी रांग. चौदा पोरं, नखशिखांत मुकी.

सोनकानांनी बोट उचललं. चौदा छात्या एकदम फुगल्या. चौदा तोंडं उघडली.

काहीच नाही.

प्रत्येक पोरानं डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे पाहिलं. हा गात का नाही? पण पेटीसरांचा हुकूम हुकूम होता. प्राण गेला तरी आवाज काढायचा नाही! ओठ चालत राहिले, शिरा फुगत राहिल्या, वरच्या सुराला भुवया बरोबर चढल्या. ढोल्यानं तर डोळे मिटून असा आलाप घेतला, की बघणाऱ्याला भरून यावं.

सोनकान ढोल्यासमोर उभे राहिले. त्यांनी उजवा कान पुढे केला. मग डावा. मग पुन्हा उजवा, इतका जवळ की ढोल्याचा श्वास त्यांच्या पांढऱ्या केसांना लागला असेल. पेटीसर वाट बघत होते. आता ओरडतील, काठी आपटतील, चोर म्हणतील. हेडसर पहिल्या खुर्चीवर पुढे सरकून बसले होते.

सोनकान ओरडले नाहीत. त्यांनी करंगळी कानात घातली आणि हलवली. चेहऱ्याचा रंग उतरला, जणू कोणी चुना फासला. मग ते कागदावर लिहिते झाले आणि काठी चाचपत खाली उतरले. उतरताना एक पायरी चुकले.

"वीस मिनिटांनी निकाल," कोणीतरी जाहीर केलं.

सुटलो, असं पेटीसरांना वाटलं. कसे सुटलो ते कळेना, पण सुटलो. हेडसर बोळातच आडवे आले आणि त्यांनी चक्क खांद्यावर हात ठेवला.

"जिंकलो हो! तिसऱ्या रांगेपाशी किती वेळ थांबले बघितलंत? म्हातारा विरघळला! सुताराला नको म्हणून कळवतो."

"अजून निकाल लागायचाय, सर."

"तुमचं आपलं काहीतरीच! जा, पेटी आणा. फोटोत पेटी हवी."

पेटी मंचामागच्या खोलीपाशी ठेवलेली होती. पेटीसर तिच्या कडीला हात घालतात तोच आतून बोलणं आलं. दार अर्धवट उघडं होतं.

"सूनबाई, हा वरचा पंखा चालू आहे का गं?"

"चालू आहे की, बाबा. तुम्हाला वारं लागतंय ना?"

"लागतंय." मग एक चुटकी वाजली. "आवाज करतो का तो?"

"नवा आहे. कशाला करेल?"

पण म्हातारा शेवटचं ऐकतच नव्हता. सोनकान खुर्चीवर बसून स्वतःच्या कानाशी चुटक्या वाजवत होते. एकदा इकडे, एकदा तिकडे. समोर गुणांचा कागद पडला होता. तिसऱ्या रांगेपुढे थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: निर्दोष. पूर्ण गुण.

"घरी गेलो की शिकवण्या बंद," ते म्हणाले. "मुलांना सांग, गुरुजींना बरं नाही. बाकी काही सांगू नकोस. लोक हसतील गं. चौदा पोरं माझ्या तोंडासमोर गात होती आणि माझ्या कानात एक कणसुद्धा आला नाही. बारीक आवाज गेले आधी. असंच जातं म्हणतात, आधी बारीक, मग मोठे."

"बाबा, डॉक्टरला तरी..."

"डॉक्टर काय नवे कान शिवणार?"

पेटीसर बाहेर उभे. हातात पेटीची कडी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ढाल त्या कागदावर लिहून तयार होती. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर ते आठ वर्षं शिकवत आले होते. थोरलीचं कॉलेज. धाकटीची दहावी. आत एक माणूस चुटक्या वाजवत होता. टक. टक. प्रत्येक चुटकी त्याला ऐकू येत असणार, पण त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता.

बारीक आवाज आधी जातात. रात्री-अपरात्री पेटीसर स्वतःही कधीतरी उठून बसत आणि पट्टीवर बोट ठेवून हेच तपासत. गाण्यातल्या माणसाला याच्याशिवाय दुसरं भूत नसतं.

त्यांनी कडी सोडली आणि दार ढकललं.

"गुरुजी, तुमचे कान शाबूत आहेत. पोरं गात नव्हती."

सोनकानांनी मान वर केली. "काय म्हणालास?"

"तिसरी रांग गात नाही. नुसते ओठ हलवते. मीच शिकवलंय."

"परत बोल. हळू बोल."

"पोरं गात नव्हती, गुरुजी."

"आणखी हळू. आणि जरा लांब जा."

सून एकदा सासऱ्याकडे बघते, एकदा मास्तरांकडे. पेटीसर चार पावलं मागे सरले आणि पुटपुटले, "आठ वर्षं मी हेच करतोय. ढालीसाठी."

"ढालीसाठी!" सोनकानांचे डोळे लकाकले. "ऐकलं, ऐकलं! आणखी मागे जा. नुसत्या श्वासात सांग. कितीजण मुके?"

पेटीसर मागे मागे सरत गेले, पार उंबऱ्यापर्यंत, आणि नुसत्या श्वासात म्हणाले, "चाळिसातले एकोणतीस."

"एकोणतीस!" म्हातारा खुर्चीतून उठलाच. "सूनबाई, एकोणतीस म्हणाला! बरोबर ना?"

"मला नाही बाई ऐकू आलं," सून म्हणाली.

"मला आलं," पेटीसरांच्या पाठीशी आवाज आला. ते वळले. उंबऱ्यात हेडसर उभे होते, फोटोसाठी केस विंचरून.

वरचा पंखा नुसता फिरत राहिला.

"सोमवारी सुतार येईल," हेडसर हळूच म्हणाले आणि कंगवा खिशात घातला.

सोनकानांनी तोवर गुणांच्या कागदावर आडवी रेघ मारली होती. आनंद ओसरला तसा राग चढला, आणि ऐंशीच्या माणसाचा राग म्हणजे जुन्या चुलीचा धूर, निघता निघत नाही. "ढाल दुसऱ्या शाळेला जाईल. आणि तू, मास्तर! एकोणतीस गळे दाबलेस. एक माणूस एकाचा गळा दाबतो तर त्याला धरून नेतात. चल, त्या चौदांना मंचावर घे. आता मोठ्यानं गाऊ दे."

"गुरुजी, त्यांचे आवाज फुटलेत. भरल्या सभागृहात..."

"मला ऐकायचेत. तू कधी ऐकलेस का?"

पेटीसरांनी आठवून पाहिलं. नव्हते ऐकले.

तर तिसरी रांग पुन्हा मंचावर उभी राहिली. लोकांना वाटलं, विजेत्यांचं गाणं आहे; ढोल्याच्या आईनं तर आधीच रुमाल काढला. पेटीसर पेटी न घेता समोर आले.

"पोरांनो, आता मोठ्यानं गा. खरंच."

चौदा चेहरे कोरे. ढोल्या पुढे वाकला आणि त्याला वाटलं आपण कुजबुजतोय, पण फुटलेल्या आवाजाची कुजबुज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली. "सर, मी आवाज काढू? आपल्या दोघांतलं होतं ना ते?"

शेजारचा लंबू गर्रकन वळला. "तुला पण सांगितलंय?"

"म्हणजे तुला पण?"

"कपाटामागे?"

"मला पण कपाटामागेच!" पलीकडून कोणीतरी ओरडलं, आणि रांगेत एक लाट गेली, शरमेची, मग संतापाची, मग कसल्याशा सुटकेची. चौदा जोडी डोळे पेटीसरांवर येऊन थांबले. त्या डोळ्यांपुढे उभं राहण्यापेक्षा सुताराच्या करवतीखाली मान दिलेली बरी.

"हो," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगितलं. चूक माझी. गा."

आणि ती गायला लागली. काय गायली म्हणता! एक घोगरा, एक चिरका, एक मध्येच तुटून वर उडणारा, एक दगडावरून ट्रंक ओढल्यासारखा. पहिल्या ओळीला पुढच्या दोन खुर्च्यांवरची माणसं सरळ झाली. ढोल्याच्या आईचा रुमाल हवेतच राहिला. हेडसरांनी कपाळाला हात लावला. पण सोनकान मंचाच्या कडेला उभे राहून डोळे मिटून डोलत होते. "हा उतरला! तो चौथा चढला! वा, वा! तो शेवटचा, अर्ध्या सुरानं खाली!" एकेक बेसूर ते असा टिपत होते, जशी पोरं आंबे टिपतात.

पेटीसर ऐकत होते. दुसऱ्या ओळीला त्यांना कळलं, श्वास सगळे जागच्या जागी आहेत. शब्द एकत्र सुटतात, एकत्र थांबतात. तीन वर्षं हवा मापून घेतली होती त्या पोरांनी. सूर तेवढे द्यायचे राहिले होते. आणि ढोल्याच्या त्या ट्रंकेच्या घरघरीखाली काहीतरी खोल होतं, विहिरीत हाक मारल्यावर येतं तसं. असा खर्ज त्यांच्या खोलीत आठ वर्षांत उमटला नव्हता. उमटला असता, कदाचित.

त्यांचा हात आपोआप वर गेला. "ढोल्या, घसा सोड. पोटातून. लंबू, त्याचा आवाज ऐक आणि त्याच्या मागे जा. पुढे नाही, मागे."

"बस करा आता!" हेडसर खुर्चीतून उठले. "शोभा झाली तेवढी पुरे!"

पोरं अडखळली. पेटीसरांनी मागे वळून पाहिलं नाही.

"थांबू नका," ते म्हणाले. "पुन्हा. पहिल्या ओळीपासून."