पाहुण्यांचे पाच तारे

मी एक जुनी पिठाची गिरण आहे, आणि सध्या माझा पारा चढलेला आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूने नम्र असावं असा रिवाज आहे, हे मला माहीत आहे. पण घरच्याच मुलाने ज्या दिवशी माझ्या अंगाला मोजपट्टी लावली, त्या दिवशी माझ्या नम्रपणाचं पीठ झालं.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका कारखान्यातला. पस्तीस वर्षांपूर्वी घणसोली गावच्या धर्मराजदादांनी मला आणलं. त्यांची भाताची शेतं नव्या शहराखाली गेली होती. शेत गेलं तरी लोकांच्या ताटातली भाकरी आपल्या हातच्या पिठाची असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. दादा गेल्यावर त्यांच्या पत्नी गोजराबाई माझ्याजवळ उभ्या राहिल्या. तांदूळ नवा की जुना, हे त्या चिमटीत धरून सांगतात. मिरची दळलेल्या दगडावर त्यांनी कधी कुणाचे गहू घातले नाहीत. दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने टाकी लावून घेतात, त्यात कधी चालढकल नाही. गावातलं एकही लग्न माझ्या पिठाशिवाय लागलं नाही. माझ्या दारावर पाटीसुद्धा नव्हती. गल्लीच्या तोंडाशी माझी घरघर ऐकू यायची, तेवढं पुरे होतं.

मग गावाच्या अंगाला अंग लावून टॉवर उभे राहिले. तिथल्या बायका भल्या होत्या, पण त्या कानाने गिरण शोधत नव्हत्या, फोनवर शोधत होत्या. जवळची पिठाची गिरण विचारली की फोन त्यांना दोन किलोमीटर लांब पाठवायचा, पुडीतलं पीठ विकणाऱ्या दुकानात. मी त्यांच्या कुंपणाच्या भिंतीमागे शंभर पावलांवर धडधडत होते. त्या रिक्षा करून जायच्या. सांगा, राग येणार नाही तर काय येईल?

गावातली जुनी घरं पाडून भाड्याच्या खोल्या झाल्या, तसे डबे कमी होत गेले. गोजराबाईंचा मुलगा निशांत वाशीला नोकरी करतो. एका रविवारी तो मोजपट्टी घेऊन आला. माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, दाराची चौकट मोजली. "आई, दिवाळीपर्यंत बघू," तो म्हणाला. "नाहीतर ही भंगारात देऊ, गाळा मोबाईलवाल्याला." गोजराबाईंनी पुढचा डबा ओतायला घेतला. मोजपट्टी त्याने माझ्याच शेजारच्या खिळ्याला अडकवली आणि तो निघून गेला.

गोजराबाईंची सून जाई मात्र धडपडी. तिने फोनवरच्या नकाशावर आमचं नाव चढवलं. पण नाव चढलं तरी ते यादीच्या तळाशी, कुणाच्या नजरेला न पडणारं. लोकांनी चार शब्द चांगले लिहिले तर आपण वर येऊ, तेव्हा गिऱ्हाइकांना सांगा, असं तिने सासूबाईंना समजावलं. गोजराबाई सरळ नाही म्हणाल्या. आपल्याच तोंडाने आपलं कौतुक मागायचं, ही त्यांच्या लेखी भीक होती. पाहुण्यांना सांगायला मात्र त्यांची हरकत नव्हती, पाहुणे घरचेच की!

झालं. जाईने दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर निरोप टाकला आणि एका दुपारी एक्केचाळीस जणांनी मला पाच-पाच तारे दिले. उरणपासून कऱ्हाडपर्यंतचे पाहुणे! त्यांतल्या एकानेही माझ्या पिठाची भाकरी मोडलेली नव्हती. कुणी लिहिलं, "जेवण अप्रतिम, रूम स्वच्छ." एका मामांनी तर तिथेच जाईला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मित्रांनो, मी पस्तीस वर्षं खरं पीठ दिलं, आणि माझ्या नावावर ही खोटी तारीफ! लाजेने माझा पट्टा सैल पडायचा बाकी होता.

नकाशावाल्यांना संशय आलाच. त्यांनी एक्केचाळीस तारे पुसले आणि आमचं नावही काढून टाकलं. असं दुकान खरंच आहे, याचा पुरावा द्या म्हणाले. पुरावा! अर्ध्या घणसोलीच्या पोटात माझा पुरावा आहे. पण पोट काही फोनवर चढवता येत नाही. गल्ली, पाटी, चालू यंत्र आणि कुलूप उघडणारी मालकीण, हे सगळं एका सलग चित्रणात दाखवायचं होतं. पाटी होती कुठे? पेंटरला बोलावून "गोजराबाईची पिठाची गिरण" अशी निळी पाटी रंगवली, आणि पस्तीस वर्षांनी मला नाव मिळालं. गोजराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. त्यांनी कुलूप उघडलं आणि मला चालू केलं. जाईने चित्रण पाठवलं. आठवड्याने आमचं नाव परत आलं, पण पुन्हा तळाशी, एकही तारा नसलेलं.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

त्या दिवशी शमीम तांदूळ घेऊन आली. तिचं माहेर मुरुडचं. अकरा वर्षं माझंच पीठ नेणारी, सवयीने मान हलवून जाणारी. अकरा वर्षांत तिने कुणाला माझ्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, आणि माझा खरा राग तिच्यासारख्यांवरच होता. पीठ भरून झालं. गोजराबाई माझ्याकडे बघून उभ्या राहिल्या, मग खिळ्यावरच्या मोजपट्टीकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मागितलं.

"शमीम, माझ्या गिरनीबद्दल फोनवर दोन शब्द लिवशील?"

"लिहिते ना काकी. काय लिहू?"

"खरा हाय ता लिव."

शमीमने तिथेच ओट्यावर बसून लिहिलं आणि वाचून दाखवलं. गिरण जुनी आहे, आवाजाने कान बसतात. दुपारी एक ते तीन बंद असते. बोलायला कोणी गोड नाही. पण अकरा वर्षांत या पिठाची भाकरी एकदाही चिरली नाही.

आधी मला रागच आला. आवाजाचं काढायची काय गरज होती? गोजराबाई मात्र हसल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी आणखी एकीला विचारलं, मग तिसरीला. प्रत्येकीने आपापलं लिहिलं, कुणी तक्रारीसकट. जाईने वेळा नीट घातल्या, भाजणी, नाचणी, तांदूळ असं काय काय दळून मिळतं ते लिहिलं. आम्ही यादीत एक-एक पायरी वर सरकत गेलो.

पंधराव्या दिवशी टॉवरमधली एक बाई भाजणीचा डबा कडेवर घेऊन दारात आली. फोनकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि विचारलं, "भाकरी चिरत नाही ती गिरण हीच का?" तिच्यामागे आणखी दोघी होत्या.

दिवाळीच्या आठवड्यात निशांत आला. डब्यांची रांग ओलांडून त्याला आत येता येईना. आईने त्याच्या हातात चाळणी दिली. मोजपट्टी अजून त्याच खिळ्याला आहे. तिच्यावर इतकं पीठ बसलंय की आकडे दिसत नाहीत.

मित्रांनो, माझा राग अजून पुरता उतरलेला नाही. तुमच्याही गल्लीत कुणीतरी चप्पल शिवतं, कुणी कपडे बेततं, आणि तुम्ही मान हलवून घरी जाता. पाहुण्यांसारखे खोटे तारे देऊ नका, पण खरं असेल ते बोला. मोजपट्टी लागल्यावर हळहळून काय उपयोग? माझ्या आवाजाबद्दल लिहिलंत तरी चालेल. मी सहन करीन.