दोन घागरी पाणी

शिवप्रियानं लाकडी वल्हं ड्रममध्ये घातलं आणि ते जवळजवळ स्वतःहूनच फिरलं. ती थबकली. तुराट्यांच्या कोळशाची बारीक पूड आणि पाणी यांचं हे दाट काळं मिश्रण, भट्टीत जाळायचं जळण, तिचं रोजचं होतं. ते उभं राहिलं की दह्यासारखं धरायचं, ढवळलं की सैल होऊन वाहू लागायचं. दोन वर्षं तिला याचंच वेड होतं. कधी कधी झोपेतही ते काळं संथपणे वाहत असायचं, वर सगळं आभाळ घेऊन, आणि ती काठाकाठानं चालत असायची.

आज मात्र काहीतरी चुकलं होतं. तळाला भोक असलेला पितळी पेला तिनं भरला आणि खालचं बोट काढलं. चाळीस सेकंदांत रिकामा होणारा पेला बाविसाव्यालाच रिकामा झाला. कुणीतरी पाणी ओतलं होतं.

कुणीतरी कशाला म्हणायचं? ती शांताक्कांना आणायला कळंबच्या स्टँडवर गेली, तेव्हा शेडमध्ये अप्पा, तिचे वडील बंडप्पा, एकटेच होते. आता ते कोपऱ्यात पोत्यावर बसले होते, मान खाली घालून. धोतराचा काठ ओला होता. ड्रम थिजलेला पाहून बंडप्पांचा धीर सुटला असणार, पोरीची फजिती होईल म्हणून.

शांताक्कांच्या खव्याच्या बारा भट्ट्या होत्या आणि लाकडाच्या धुरानं त्यांना खोकला जडला होता. आज हे जळण नीट पेटलं, तर ते बाराही भट्ट्यांना लागणार होतं. नाहीतर महिनाअखेरीला शेडला कुलूप.

शांताक्कांनी दूध पारखतात तसा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला. थेंब ठरला नाही, ओघळून गेला. शिवप्रियानं तरीही बर्नर पेटवला. ज्योत पिवळी झाली, तडतडली, फुसफुसली आणि विझली.

"पाणी कुणी घातलं गं?"

बंडप्पांचं तोंड उघडलं. तीस वर्षं त्यांनी याच बाईच्या भट्टीवर दूध घातलं होतं आणि पाण्याची तक्रार एकदाही आली नव्हती. गावात त्यांची पत होती ती एवढीच. शिवप्रियाला ते पक्कं ठाऊक होतं.

"मीच, अक्का. लवकर वाहावं म्हणून," ते बोलायच्या आत ती म्हणाली.

शांताक्कांनी दोघांकडे एकेकदा पाहिलं, पदर सावरला आणि त्या बाहेर पडल्या. शिवप्रियाला रडू आलं. तिनं ड्रमवर झाकण ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

बंडप्पा उठले. चपला न घालताच रस्त्यावर आले. समोर ऊन नुसतं हलत होतं, त्यात शांताक्का पाण्यातून चालल्यासारख्या दिसत होत्या.

"अक्का, थांबा जरा!"

त्या थांबल्या.

"पोर खोटं बोलली. पाणी म्या घातलंय. दोन घागरी."

"ठाव हाय. तिनं घातलं असतं तर मोजून घातलं असतं."

बंडप्पांनी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला. पायांना चटके बसत होते.

"उद्या दुपारी येते. नवं कालवून ठेव म्हणावं तिला."

"तुमाला कळलं व्हतं, तर तिथंच का न्हाय बोल्लात?"

"तुमी कवा बोलताय, ते बघत व्हते," शांताक्का म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.