धारची पेशी

कैद्याला जेलमधून कोर्टात नेऊन परत आणायचं, याला देवासच्या पोलीस लाइनीत पेशी म्हणतात, आणि पेशीला कोणी खुशीनं जात नाही. सकाळी जेलच्या फाटकावर माणूस ताब्यात घ्या, बेडी अडकवा, इंदूरला बस बदला, दिवसभर कोर्टाच्या आवारातली धूळ खा, आणि संध्याकाळी तोच माणूस परत जेलच्या हवाली करा. कैदी पळाला तर नोकरी गेली, नाही पळाला तर पाठ थोपटायला कोणी येत नाही. पण विश्वासराव मोहिते हवालदार धारची पेशी मागून घ्यायचे. धारला त्यांची लेक दिली होती.

लाइनीचा मुन्शी खंडोजी त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. टेकडीखालच्या एकाच शाळेत दोघांनी मार खाल्लेला. कोणाची ड्यूटी कुठं लावायची हे खंडोजीच्या हातात होतं. धारची पेशी निघाली की तो विश्वासरावांचं नाव टाकून मोकळा व्हायचा. बायको गेल्यापासून या माणसाच्या पोटात घरचं अन्न जातं ते एवढ्या एका दिवशी, हे त्याला माहीत होतं.

धारच्या पेशीचा कैदी बहुतेक वेळा भुवान असायचा. धार जिल्ह्यातल्या डहीकडचा, अंगानं वाळका, कमी बोलणारा. कोणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरल्याचा आरोप. धारच्या जेलात दाटी झाली म्हणून खटला चालू असलेले काही कच्चे कैदी देवासला हलवले, त्यांत हा आला. खटला मात्र धारलाच राहिला. जामीन मंजूर झाला होता, पण त्याच्यासाठी जामीन राहील असा जमीनजुमलावाला माणूस त्याच्या ओळखीत कोण असणार? पकडला तेव्हा त्याची बायको गरोदर होती. सुरुवातीच्या पेश्यांना ती झोळीतली मुलगी घेऊन यायची आणि कोर्टातल्या हवालातीच्या, म्हणजे कोठडीच्या, जाळीपाशी उभी राहायची. मग यायची थांबली. आता खटला संपून घरी जायचं, एवढी एकच गोष्ट भुवानकडे उरली होती.

कोर्टाच्या हवालातीत कैदी दिला की पुढचं काम तिथल्या शिपायांचं. विश्वासरावांच्या जोडीचा अमन चिंचेखाली मोबाइल बघत पडायचा आणि विश्वासराव नालछा दरवाज्याकडे इरावतीच्या घरी जायचे. आमटी, भात, गरम पोळ्या. नात चिऊ मांडीवर. पहिल्यांदा या पेशीला आले तेव्हा ती रांगत होती. आता दप्तर घेऊन शाळेत जाते आणि आजोबांशी हिंदीत भांडते. निघताना इरावती डब्यात चार पोळ्या जास्तीच्या घालायची. "त्या बिचाऱ्याला द्या, बाबा," म्हणायची.

तो डबा परतीच्या बसमध्ये भुवान खायचा. एका हाताला बेडी, एका हातात पोळी.

"क्या हुआ आज?" विश्वासराव विचारायचे.

"तारीख मिली, दाजी. गवाह नहीं आया."

त्याला अक्षरओळख नव्हती, हवालदाराच्या छातीवरची नावाची पाटी वाचता येत नव्हती. सगळे दाजी म्हणतात, म्हणून तोही दाजी म्हणायचा.

"तुझा गवाह वैकुंठाला गेला का रे?" अमन चेष्टा करायचा.

विश्वासरावांना मात्र खरोखर राग यायचा. "काय लोक असतात! एक दिवस येऊन दोन शब्द बोलायचे तर जिवावर येतं यांच्या," असं ते दर वेळी म्हणायचे आणि भुवानला आणखी एक पोळी द्यायचे.

एका पेशीला इरावती सासरच्या लग्नाला उज्जैनला गेली होती. घराला कुलूप. ऊन टाळायला विश्वासराव कोर्टाच्या माडीवर चढले आणि भुवानच्या कोर्टाबाहेर बाकावर टेकले. इतक्या पेश्या झाल्या, पण ते वर आले नव्हते. थोड्या वेळानं अर्दली दारात आला आणि रोजच्या कंटाळलेल्या आवाजात त्यानं पुकारा केला. "सरकार बनाम भुवान. गवाह विश्वासराव मोहिते, हाजिर हो."

पुकारा तीनदा होतो. तिसऱ्यांदा झाला तेव्हा ते उठले.

आत न्यायाधीश मॅडम फायलीवर तारीख लिहायलाच निघाल्या होत्या. समोर वर्दीतला माणूस पाहून त्या थांबल्या.

"आप कौन?"

"विश्वासराव मोहिते, मैडम."

"आप अब तक कहाँ थे?"

"यहीं था, मैडम. नीचे. इसको मैं ही लाता हूँ."

कोणी हसलं नाही. पिंजऱ्यात उभा असलेला भुवान त्यांच्याकडे बघत होता, इतरांकडे बघावं तसाच. सरकारी वकील उठले आणि म्हणाले की जप्त केलेली मोटर आज आणलेली नाही. साक्षीदार येतच नाही म्हणून ती आणायचं सोडून दिलंय. मॅडमनी पुढची तारीख लिहिली.

विश्वासरावांना हळूहळू आठवलं. सरदारपूर तहसिलीत आमलीफाट्याची चौकी होती, देवासला बदली होण्याआधी ते तिथं होते. कोणीतरी मोटर आणली, कोणीतरी भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, आणि त्यांनी जप्तीच्या कागदावर सही केली. अशा सह्या त्यांनी किती केल्या असतील त्याला गणती नव्हती.

परतीच्या बसमध्ये डबा नव्हता. इंदूर जवळ आल्यावर भुवान म्हणाला, "वो तुम थे, दाजी?"

"हाँ."

"अच्छा," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला. विश्वासरावांना वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. पण काहीच वाटेना. देवास येईपर्यंत ते पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खंडोजीला गाठलं. "धारचे समन यायचे का रे माझ्या नावाचे?"

"यायचे की. पहिले त्या चौकीवर जायचे, मग फिरत फिरत इकडे."

"मग?"

"मग काय? लिहून द्यायचो, कर्मचारी पेशीवर बाहेर. झूठ थोडीच लिहिलं भिया? तू होतासच बाहेर."

"मला बोलला नाहीस."

"कशाला बोलायचं? जुन्या जिल्ह्याच्या केसमध्ये गवाही म्हणजे फालतूचा ताप. वकील उलटंसुलटं विचारणार, तुझी रिटायरमेंट तोंडावर. आपल्या सगळ्याच लोकांचे परत करतो मी." खंडोजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुझं भलंच केलं ना?"

भलंच केलं होतं. धारची ड्यूटी दिली ती प्रेमानं, समन परत केले तेही प्रेमानं. विश्वासरावांना त्याच्यावर रागावता आलं नाही. ते चहा पिऊन घरी गेले.

पुढच्या पेशीला ते साक्षीदार म्हणून एकटेच धारला गेले. मोटरही आली. पण त्या दिवशी कोणा मंत्र्याच्या बंदोबस्तात लाइन रिकामी झाली होती, आणि धारला जाणारा नेहमीचा हवालदार तर साक्षीला गेलेला. गारद, म्हणजे सोबतीला पोलीस, मिळाली नाही म्हणून जेलनं कैदी पाठवला नाही. मॅडमना ओळख पटवायला आरोपी समोर हवा होता, जेलमधून व्हिडिओच्या स्क्रीनवर चालणार नव्हता. "गवाह है, मुल्जिम नहीं," त्या म्हणाल्या आणि तारीख पडली. विश्वासराव इरावतीकडे जेवले. घास घशाखाली उतरत होता, याचंच त्यांना वाईट वाटलं.

त्यानंतरच्या पेशीला सगळे एका खोलीत आले. टेबलावर गंजलेली मोटर, पिंजऱ्यात भुवान, कठड्यात विश्वासराव.

"ये मोटर इसी आदमी से जब्त हुई थी?" सरकारी वकिलांनी विचारलं.

विश्वासरावांनी भुवानकडे पाहिलं. त्यांनी डोकं खाजवून चौकीची भिंत आठवली, त्या भिंतीला टेकलेला माणूस आठवला, पण त्या माणसाला तोंडच नव्हतं. तिथं सारखा बसमध्ये पोळी खाणारा भुवान येऊन बसायचा. पहिल्याच समनला आले असते तर हो म्हणता आलं असतं, नाहीतर नाही म्हणता आलं असतं.

"इसको मैं हर पेशी पे लाता हूँ, इसलिए पहचानता हूँ," ते म्हणाले. "उस दिन वाला यही था, ये मैं नहीं कह सकता."

दुसरा पुरावा नव्हताच. पुढच्या पेशीला भुवान निर्दोष सुटला. मोटर कोणी चोरली होती, हे कोणालाच कळलं नाही.

त्या दिवशी गारद म्हणून विश्वासरावच होते. कोर्टानं सोडलं तरी माणूस जेलच्या फाटकातूनच सुटतो. ज्या जेलनं त्याला ठेवलं, त्याच जेलनं कागद बघून त्याला सोडायचं. म्हणून सुटलेल्या भुवानला घराच्या उलट दिशेनं देवासला न्यायचं होतं. त्यानं सवयीनं हात पुढे केला. विश्वासरावांनी बेडी अडकवली.

बसमध्ये भुवाननं पोळ्या खाल्ल्या. डब्याचं झाकण नीट लावलं आणि मांडीवर धरून ठेवलं.

"दाजी," तो म्हणाला, "लड़की मुझे पहचानेगी?"

विश्वासरावांनी मनातल्या मनात वर्षं मोजली. चिऊएवढीच असेल ती.

पुढल्या महिन्यात खंडोजीनं पुन्हा धारची पेशी लावली. कैदी दुसरा होता. इरावतीनं पान वाढलं आणि डबा भरायला घेतला.

"चार जास्तीच्या नको घालू," विश्वासराव म्हणाले. "तो सुटला."

"अगं बाई, बरं झालं. कसा सुटला?"

"एका गवाहाची साक्ष राहिली होती. ती झाली."

"मग इतके दिवस कुठं होता तो गवाह?"

चिऊ मांडीवर चढू बघत होती. विश्वासरावांनी तिला वर घेतलं नाही.

"इथं," ते म्हणाले. "तुझ्याकडे जेवत होता."