गल्लीच्या तोंडावरचा चर

साइटवर त्याला सगळे मौनी म्हणायचे. पोकलेन चालवणारा माणूस बोलका असावा अशी कुणाची अपेक्षा नसते. काचेच्या केबिनमध्ये एकट्याने बसून दोन दांडे हलवायचे, त्यात गप्पा मारायला भेटणार तरी कोण? पण मौनीने ही सवय घरीही नेली होती. कुणी काही सांगितलं की तो "बरं" म्हणायचा. पगार वाढला, बरं. पगार वाढला नाही, तरी बरं. आई गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा तो "बरं" म्हणाला आणि हातातला खड्डा पुरा करून मग निघाला. दगडाच्या काळजाचा वगैरे नव्हता तो. मध्यंतरी त्याने स्वतःच स्वतःला तपासून पाहिलं होतं, इंजिनातलं तेल बघायला पट्टी बुडवतात तसं, आणि पट्टी कोरडी निघाली होती. त्यानंतर त्याने पुन्हा काही बघितलं नाही.

काम या वेळी त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. गल्ली सखल आणि दुसऱ्या टोकाला बंद. वरच्या वस्तीचं सगळं पाणी उतारावरून यायचं आणि इथे मुक्काम ठोकायचं. मोठ्या रस्त्याच्या कडेने नवा चर खणून ते पाणी लांबच्या ओढ्याला न्यायचं आणि गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे खालून मोरी काढायची, असं ठरलं होतं. मोरीसाठी सिमेंटचे पाइप आणले होते, माणूस आतून वाकून चालत जाईल एवढे. चर मौनीनेच लांबून खणत आणला होता आणि आता तो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला होता.

या पाण्याशी त्याच्या बायकोचं जुनं वैर होतं. ती घरी लोकांचे कपडे शिवायची. मागे एकदा घरात पाणी शिरलं तेव्हा दिवसभर गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने कापडाचे गठ्ठे माळ्यावर चढवले, शिलाई मशीनचं पायडल बुडताना बघितलं आणि मौनीला फोनवर फोन केले. तो संध्याकाळी आला, मशीन उचलून टेबलावर ठेवलं, पाय पुसले आणि झोपला. काय काय भिजलं एवढंही त्याने विचारलं नाही. तेव्हापासून ती म्हणायची, "मी बोलते आणि भिंती ऐकतात. भिंतींना निदान ओल तरी येते."

शेवटी एका संध्याकाळी तो जेवत असताना ती म्हणाली, "मी जातेय."

"बरं."

"धाकट्या भावाच्या गावी. बाजारात खोली बघितलीय त्याने. पुढे दुकान, मागे राहायला."

"बरं."

"परत यायला जात नाहीये मी. कळतंय ना तुम्हाला?"

त्याने मान हलवली. घास संपवला. मग म्हणाला, "मीठ दे जरा."

तिने मीठ दिलं. शनिवारी सकाळी टेम्पो येणार, भाऊ स्वतः घेऊन येणार, हेही सांगितलं. त्यावरही त्याने बरं म्हटलं आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

त्याच आठवड्यात सुपरवायझर त्याला म्हणाला, "शनिवारी गल्लीचा रस्ता खोदायचा. पाइप उतरवायचे, वरून माती ओढायची, दाबायची. काम पुरं होईपर्यंत आत एक गाडी जाणार नाही की बाहेर येणार नाही." मौनी म्हणाला, "बरं."

आता कुणी म्हणेल, दोन्हीकडे शनिवारच होता, मग या माणसाच्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? नाही पडला, त्याला काय करणार. एक बरं घरातलं होतं, एक कामावरचं. दोन्ही वेगवेगळ्या खिशांत जाऊन पडली आणि मौनी काही खिसे चाचपून बघणाऱ्यांतला नव्हता. गल्लीत घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, आपापल्या गाड्या आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवा म्हणून. वाटणाऱ्याने एकच घर सोडलं. जो रस्ता खोदणार त्याच्याच घरी ही बातमी काय द्यायची, असा शहाणा विचार त्याने केला होता.

शनिवारी मौनी नेहमीसारखा उठला. खोल्यांमध्ये खोकी बांधून ठेवली होती, त्यांना वळसा घालून त्याने चहा घेतला. बायको कपाटाच्या आरशाला जुनी चादर गुंडाळत होती. "टेम्पो पहाटेच निघालाय म्हणे," ती पाठमोरीच म्हणाली. तो डबा उचलून निघाला. दाराशी जरा थांबला, पण बुटाची नाडी सुटली होती म्हणून.

कामावर मात्र त्याचं चोख होतं. बकेटचे दात डांबरात रुतवून त्याने रस्त्याची साल काढली, खालची खडी एका बाजूला, माती दुसऱ्या बाजूला. जुना पाइप लागला. घागरीच्या तोंडाएवढा, गाळाने गच्च भरलेला, आत कुणाची तरी एक चप्पल. इतकी वर्षं गल्लीतल्या सगळ्यांचे संसार या नळीच्या भरवशावर चालले होते. मौनीने ती उचलून ट्रकमध्ये टाकली. मग कडा ढासळू नयेत म्हणून चरात लोखंडी पेटी उतरवली, तळाला खडी पसरली आणि पाइपाचे सांधे जुळवणारा फिटर शिडीने खाली गेला. पाइपाला साखळी लावून झाली. मौनीने तो अलगद उचलला आणि तेवढ्यात मोठ्या रस्त्यावर एक टेम्पो हॉर्नवर हात ठेवून उभा राहिला.

टेम्पोतून त्याचा मेहुणा उतरला. हा गृहस्थ दोन माणसांचं एकटाच बोलायचा. "अहो दाजी, हे काय मांडलंय? आता मी ताईचं सामान काय डोक्यावरून आणू?"

"गाडी मागे घ्या," सुपरवायझर म्हणाला.

"मागे घ्यायला आलोय का मी एवढ्या लांबून? घरधन्यालाच विचारा, हा बसलाय की वर!"

मौनीने पाइप परत जमिनीवर टेकवला. हॉर्न ऐकून बायको गल्लीतून बाहेर आली होती, हातात सुतळीचा गुंडा तसाच. चराच्या पलीकडच्या काठाशी ती थांबली. पायी जाणाऱ्यांसाठी एका बाजूला फळ्या टाकल्या होत्या, पण ती त्यांच्याकडे वळली नाही. तिने खाली बघितलं, ढिगाऱ्यांकडे बघितलं आणि मग केबिनकडे बघून काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मौनीने इंजिन बंद केलं आणि दार उघडलं.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत?" तिने पुन्हा विचारलं.

तिचा आवाज चढलेला नव्हता. चेहऱ्यावर राग म्हणावा तर तोही नव्हता. होतं ते वेगळंच काही होतं, आणि मौनीने ते इतक्या वर्षांत बघितलेलं नसल्यामुळे त्याला ओळखता आलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "आजच खोदायचं ठरलं होतं. साहेबांनी सांगितलेलं."

"टेम्पो आज येणार हे मी सांगितलं होतं."

"हो. माझ्या लक्षात नाही आलं."

"असं होय," ती म्हणाली आणि सुतळीचा गुंडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. चेहऱ्यावर जे काही आलं होतं ते गेलं.

मेहुण्याचा पारा तोवर उतरला होता. तोंडाने फटकळ असला तरी मनाने वाईट नव्हता तो. बहिणीचा संसार मोडायची त्यालाही हौस नव्हती. "ताई, एक काम करू," तो म्हणाला. "रस्ता झाला की येतो मी परत. खोली काय पळून जातेय? तोवर तूही बघ, दाजीही बघतील. काय?" सुपरवायझर म्हणाला, मी तरी दुसरं काय सांगतोय. फिटरने चरातूनच मान डोलावली. बायको केबिनकडे बघत उभी राहिली.

मौनीला काही म्हणजे काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो गप्प बसला असता तर टेम्पो वळला असता, ती सुतळी गुंडाळत घरात गेली असती आणि पुढे काय झालं असतं ते कुणाला ठाऊक. आणि नेमका तेव्हाच हा बाबा बोलला.

"वरून लोखंडी प्लेटा टाकतो. टेम्पो जाईल."

सुपरवायझर उसळला. "माझ्या नोकरीवर उठलायस का? कड ढासळली तर?"

"पेटी आहे खाली. दोन प्लेटा शेजारी शेजारी, दोन्हीकडे भरपूर टेकवतो. फिटरला वर घ्या. रिकामा आत, भरून बाहेर. काही होत नाही."

एवढी वाक्यं एका दमात मौनीच्या तोंडून आपण पहिल्यांदाच ऐकली, असं फिटर पुढे कितीतरी दिवस सांगत होता. सुपरवायझरही बहुधा त्याच धक्क्याने हो म्हणाला. मौनीला मात्र मनापासून वाटत होतं की आपण तिच्या उपयोगी पडतोय. तिला जायचंय, मध्ये आपला खड्डा आलाय, तर तो ओलांडून द्यावा. यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं, आणि तिचं सगळं गाऱ्हाणं तेच होतं.

त्याने प्लेटा फार निगुतीने टाकल्या. टोकांखाली माती दाबली, बकेटने वरून भार देऊन बघितला, एक प्लेट जराशी हलत होती ती उचलून पुन्हा बसवली. टेम्पो खडखडत आत गेला. बऱ्याच वेळाने भरून परत आला तेव्हा कपाट दोराने आवळलेलं होतं आणि शिलाई मशीन सगळ्यात मागे, गादीत गुंडाळून. मौनी खाली उतरून प्लेटेच्या कडेला उभा राहिला, चाकं बरोबर मधून जावीत म्हणून हाताने इशारे करत. चाकं बरोबर मधून गेली.

बायको टेम्पोच्या मागून चालत आली. मधोमध थांबून तिने काठावरच्या पाइपांकडे बघितलं. "एवढे मोठे टाकणार?"

"हो."

"मग आता घरात पाणी यायचं नाही."

"नाही येणार."

लोखंड उन्हाने तापायला लागलं होतं. "किल्ली खिडकीत ठेवलीय," ती म्हणाली.

"बरं," मौनी म्हणाला.

टेम्पो गेल्यावर त्याने प्लेटा काढल्या, फिटर खाली उतरला आणि पाइप एकामागून एक बसू लागले. फिटरचा हात वर दिसायचा. बोटं मिटली की थांब, तळवा खाली की सोड. मौनीचे हात आपोआप चालत होते. असाच एक पाइप साखळीला लटकलेला असताना त्याला अचानक कळलं, ती काय विचारत होती. तिला हो ऐकायचं होतं. मुद्दाम खणला, तू जाऊ नयेस म्हणून खणला, एवढंच ऐकायला ती त्या काठावर उभी होती. खोटं असतं तरी तिने ते धरून ठेवलं असतं. पाइप हवेतच राहिला, जरा जरा फिरत.

"मौनी, झोप लागली का?" फिटर खालून ओरडला.

त्याने पाइप सोडला. पाइप व्यवस्थित बसला. दुःख झालं का त्याला? झालं असावं. दातांच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गालाला हात लावला तर गाल आपलाच आहे एवढं कळतं, तसं काहीसं त्याला दिवसभर कळत राहिलं.

संध्याकाळी तो घरी आला. खिडकीतली किल्ली घेतली, दार उघडलं, दिवा लावला. मशीनच्या जागी फरशीचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा उजळ होता आणि त्याच्या कडेला दोऱ्याचे तुकडे पडले होते. केर काढावा असं मनात आलं, पण त्याने ते तुकडे तसेच ठेवले. ती सकाळचं काहीतरी झाकून ठेवून गेली होती, ते तो जेवला. मीठ उठून स्वतः घेतलं. तिची आठवण आली म्हणावं, तर आठवण यायला आधी ती गेलीय हे अंगात मुरायला हवं. ते अजून वरवरच होतं.

पुढचे दिवस पाइपांवर माती ओढण्यात गेले. थर टाकायचा, पाणी मारायचं, दाबायचं, पुन्हा थर. रात्री तो त्या उजळ चौकोनाला वळसा घालून झोपायला जायचा, मशीन अजून तिथेच असल्यासारखा. डांबर पडलं, रोलर फिरला आणि सुपरवायझरने अडथळ्याची पिंपं बाजूला केली. गल्लीतल्या गाड्या आत यायला लागल्या. वस्तीतली माणसं येऊन मोरीत वाकून बघत होती. मौनीच्या पाठीवर थाप मारून कुणी म्हणालं, आता तुमच्याही घरातली कटकट गेली. त्याने मान हलवली.

मग तो नव्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला, बरोबर जिथे चर होता तिथे, आणि बायकोला फोन लावला. काय बोलायचं ते त्याने सकाळपासून केबिनमध्ये बसून जुळवलं होतं.

"रस्ता झाला," तो म्हणाला.

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

"टेम्पो जातो आता," तो म्हणाला. "आत पण येतो."

एवढंच त्याने जुळवलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं आणि ते तिला कळावं म्हणून तो थांबला. कानाला फोन इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. तिने एवढं तरी विचारावं, कसा झालाय रस्ता, जेवता का वेळेवर, काहीही.

"बरं," ती म्हणाली.

मशीन पुन्हा सुरू झालं. बरं नंतर काही येत नसतं हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तरी तो फोन कानाला लावून उभाच राहिला. छातीत बारीक दुखायला लागलं होतं आणि ते कुठे ठेवावं त्याला समजेना. मागून गल्लीत शिरणाऱ्या एका गाडीने हॉर्न दिला. तो बाजूला झाला आणि तिला वाट दिली.