याकच्या हृदयात मेंढीचं यकृत

सकाळपासून उमसुनायला चरबीचा वास नकोसा झाला होता. बिश्केकमधलं तिचं दोन खोल्यांचं घर, त्यात चौदा पाहुणे आणि चुलीवर उकळणारी अख्खी मेंढी. आज तिच्या एकुलत्या लेकीचं, बेगिमायचं, लग्न ठरायचं होतं. दुपारी शेपटीची चरबी आणि कलेजी एका ताटात येणार, दोन्हीकडच्यांनी एकमेकांना भरवायची. एकदा घास गिळला की सोयरीक पक्की, मग मागं फिरणं नाही.

होणारा जावई मेलिस आल्या आल्या एक जाडजूड प्रबंध घेऊन पुढं वाकला. मागच्या आठवड्यातच त्याला पदवी मिळाली होती.

"बाई, पहिली प्रत तुमची. डोंगरातल्या याकच्या हृदयाच्या पेशी. तुमचाच विषय!"

उमसुनायनं तीस वर्षं मुलांना पेशीच शिकवली होती. तिनं कौतुकानं पानं उलटली. एकसष्टाव्या पानावरच्या पेशीच्या फोटोपाशी ती थांबली.

खाली लिहिलं होतं, याकचं हृदय. पण हृदय ते रात्रंदिवस राबणारं. त्याच्या पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका घड्यांवर घड्या घालून दाटलेल्या असतात, स्नायूच्या धाग्यांमध्ये ओळीनं बसलेल्या. या फोटोत धागा औषधालासुद्धा नव्हता. तंतुकणिका गोल, आत घड्या विरळ, भोवती खडबडीत जालिकेचे थरावर थर. प्रथिनं करून रक्तात सोडणाऱ्या यकृताची पेशी ही, आंधळ्यानंही सांगावं! आणि कोपऱ्यात तिरपा ओरखडा. एका हिवाळ्यात सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप घेताना तिच्या काचेच्या सुरीचा टवका उडाला होता, त्याचाच हा ओरखडा. तिचाच फोटो, मेंढीच्या यकृताचा, फक्त उलटा करून छापलेला. शी! चोरायचं तर निदान ओळखून तरी चोरावं.

ती प्रबंध घेऊन तडक स्वयंपाकघरात गेली. बेगिमाय कलेजीचे काप करत होती.

"हे बघितलंस? या चोरानं माझ्या कपाटात हात घातला."

"त्यानं नाही, तो फोटो मी दिला," बेगिमाय मान वर न करता म्हणाली. "धूळच खात होता. त्याचं याकचं हृदय वाटेतच नासलं गं, गाडी घाटात अडकली."

"मग दुसरं आणायचं!"

"याक काय नाक्यावर मिळतो? आणि परीक्षकांचं निम्मं लक्ष जेवणावर. कोण बघतंय एवढं?"

"तुला तरी फरक कळत होता ना?"

"तुझी लेक आहे मी. सात वर्षांची होते तेव्हापासून कळतो." असं म्हणून तिनं बोटाला लागलेली चरबी चाटली. "खालची ओळही मीच लिहून दिली."

उमसुनायला शिसारी आली. त्या मठ्ठ पोराची तिला नुसती चीड आली होती; ही किळस वेगळी होती, आणि ती पोटच्या पोरीची होती.

"मी तो घास घेणार नाही."

"घेशील. चौदा माणसांत माझं नाक कापशील होय?"

ताट आलं. मेलिसची आई, लठ्ठ, हसरी बाई, चिमटीत कलेजी आणि चरबी धरून तिच्यापुढं सरकली. "घ्या विहीणबाई, आ करा!" पाहुणे हसले. कोमट चरबी ओठांना लागली. उमसुनायनं ओठ घट्ट मिटले. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे पेशीचं साधं पटलसुद्धा जाणतं, असं ती वर्गात दरवर्षी सांगायची.

तिनं तो हात बाजूला केला आणि एकसष्टावं पान सगळ्यांपुढं उघडलं.

"आधी एक सांग, मेलिस. हे कशाचं आहे?"

मेलिसचा चेहरा पांढराफटक पडला. तो बेगिमायकडं बघायला लागला. उमसुनायही लेकीकडं बघत होती. एकदा खरं बोल, पोरी, एकदाच. मग मी सगळं गिळेन, हा घासही.

बेगिमायनं आईच्या डोळ्यांत डोळे घातले.

"हृदय आहे ते, आई," ती गोड आवाजात म्हणाली. "वय झालं आता तुझं. दिसत नाही नीट."

पाहुण्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी हसलंसुद्धा.

उमसुनाय उठली आणि मोरीत जाऊन ओठांना साबण लावू लागली. चरबी काही सुटेना. तिनं पुन्हा साबण घेतला. दारातून ताट दिसत होतं. विहीणबाईंचा हात अजून तसाच अधांतरी होता. बेगिमाय पुढं झुकली आणि आईच्या वाटणीचा तो घास तिनं आपल्या तोंडात घेतला.