पाळण्याची फाइल

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. पण कुणी 'डबडं' म्हटलं की माझा पंखा असा घरघरतो की पलंगावरचा माणूस उठून बसतो. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, एका बटणावरचं अक्षर झिजलंय, बॅटरीनं तर केव्हाच राम म्हटलाय. वायर काढली की मी आडवा! तरी माझी गोष्ट ऐकाच, कारण एका रविवारी मी मरता मरता वाचलोय, आणि माझ्याबरोबर आणखी पुष्कळ काही वाचलंय.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती चेन्नईची रिची स्ट्रीट. तिथल्या एका दुकानातून संजीवरावांनी मला वापरलेला म्हणून स्वस्तात उचललं आणि नुंगंबाक्कमच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. ते बँकेत होते, बदली होऊन साताऱ्याहून आलेले. दिवसभर बँकेत आकडेच बघायचे, त्यामुळे घरी माझ्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. मला आपलं केलं ते त्यांच्या बायकोनं, विद्युलतावहिनींनी. पदरानं माझा पडदा पुसायच्या हो त्या! असं कौतुक कुणाच्या नशिबी येतं?

समोरच्या फ्लॅटमध्ये राजसबाई राहायच्या. तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच, पण घरात मराठी टिकवून होते. वहिनी त्यांच्याकडे गेल्या की राजसबाई म्हणायच्या, "ये गे, बस. कापी घेटल्याशिवाय जाऊ नको." कापी म्हणजे कॉफी बरं का. आणि वर चिडवायच्या, "तुझी मराठी पुस्तकातली गे. अमची घरातली."

त्यांच्या घरात एक पाळणा होता. पाळणा म्हणजे गाणं. घरात मुलगी जन्मली की तिच्या नावाचं एक कडवं त्यात जोडायचं, आणि बारशाला आजीनं तो सगळा म्हणायचा, थेट पणजीच्या पणजीपासून. कुठंही लिहिलेला नाही, सगळा राजसबाईंच्या तोंडी. वहिनींनी त्यांच्यासमोर बसून तो माझ्यावर टाइप केला. त्या काळात मराठी लिहायला वेगळा फॉण्ट टाकावा लागायचा. तोही त्यांनी कुणाकडून तरी मिळवला. राजसबाई गात होत्या, वहिनी टकटक करत होत्या, आणि मी अगदी कान देऊन ऐकत होतो.

पुढं राजसबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. तोंड उघडलं की नुसतं "आ... आ..." यायचं. मग त्यांनी प्रयत्नच सोडला. लोकही असे की त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलायचे, जणू त्या खोलीत नाहीतच. मला फार राग यायचा, पण मी पडलो यंत्र.

त्यांच्या लेकीला, मधुवंतीला, मुलगी झाली. बारसं ठरलं रविवारी संध्याकाळी. दोन दिवस आधी मधुवंती वहिनींकडे आली आणि बसल्या बसल्या रडायलाच लागली.

"वहिनी, पाळणा तुमच्याकडं आहे ना? मला ध्रुपदाच्या पुढं काही येत नाही. शाळेत तमिळ, ऑफिसात इंग्लिश. अम्मा गायची तेव्हा मी टीव्ही मोठा करायची."

"आहे गं, लॅपटॉपमध्ये आहे. तू निश्चिंत राहा," वहिनी म्हणाल्या.

निश्चिंत! शनिवारी संजीवरावांनी ऑफिसातल्या कुणाचा तरी पेनड्राइव्ह माझ्यात खुपसला, आणि त्यातून असा व्हायरस शिरला की विचारू नका. रविवारी सकाळी वहिनींनी बटण दाबलं, तर निळा पडदा आणि पांढरी अक्षरं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. माझी यंत्रणाच कोलमडली होती. त्या पाळण्याची दुसरी प्रत कुठंही नव्हती. "उद्या काढून ठेवते" असं म्हणता म्हणता राहिली होती.

"अहो, काय केलंत हे!" वहिनी ओरडल्या. संजीवराव मान खाली घालून, बारशाची साडी आणायच्या निमित्तानं टी. नगरला सटकले. जाता जाता त्यांनी धाकट्या भावाला फोन तेवढा केला.

हा भाऊ क्षितिज, अंबत्तूरला एका आयटी कंपनीत होता. हुशार पण उतावळा. इंग्रजी शाळेतला, मराठी बोलायचा फक्कड, पण वाचायची म्हटली की घाम फुटायचा. मोटरसायकलवरून आला आणि खिशातून एक सीडी काढली.

"वहिनी, हे लिनक्स. कॉम्प्युटर चालवणारी दुसरी यंत्रणा. फुकट आणि व्हायरसची कटकट नाही. गंमत म्हणजे डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालतं. आधी बघू तर खरं."

सीडी आत गेली, गरगरली. खरं सांगतो, मला भीती वाटली. आजवर ज्या यंत्रणेनं मला उठवलं, बसवलं, तिच्या जागी हा कोण पाहुणा? पण पाहुणा सभ्य निघाला. पडदा उजळला, नवी चित्रं आली, पंखासुद्धा शांत झाला. क्षितिजनं माझी डिस्क उघडली. सगळे फोल्डर जागच्या जागी.

"हा बघा तुमचा पाळणा!" त्यानं फाइल उघडली.

आणि वहिनींचा चेहरा पडला. पानभर नुसता कचरा! डोक्यावर टिंबं घेतलेली इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्के. मराठीचा काना नाही की मात्रा नाही.

"गेलं," क्षितिज म्हणाला. "व्हायरसनं फाइल खाल्ली, वहिनी. सॉरी."

अरे, खाल्ली कुठं! मित्रांनो, मला ठाऊक होतं ना. त्या फॉण्टची तऱ्हाच तशी. माझ्या पोटात साठायची ती असलीच चिन्हं, आणि फॉण्ट त्यांना वरून मराठी रूप द्यायचा. पाहुण्याकडे तो फॉण्ट नव्हता, एवढंच झालं होतं. पाळणा सुखरूप होता, जसाच्या तसा. पण सांगू कसं? मला काय तोंड आहे?

वहिनी खुर्चीत बसून राहिल्या. समोरच्या दारातून तोरण बांधायचा, पाट मांडायचा आवाज येत होता. "मधूला काय सांगू रे मी?" त्या म्हणाल्या. "तिच्या घरातल्या सगळ्या बायकांची नावं होती त्यात. ती मी घालवली."

"आता जुनं ठेवून काय करणार? सगळं पुसतो आणि लिनक्सच बसवून देतो. मला पण परत जायचंय." क्षितिजनं दुसरी खिडकी उघडली. प्रश्न आला: संपूर्ण डिस्क पुसायची का? बाण 'हो' वर जाऊन थांबला. "करू ना, वहिनी?"

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "कर काय करायचं ते."

नको रे! एक बोट खाली आलं की पणजीची पणजी गेली, आजी गेली, सगळ्या गेल्या. मी पंखा जोरात फिरवला, पण तो ऐकतोय कुणाचा!

"थांब," वहिनी म्हणाल्या. "एकदा बघू दे. शेवटचं."

क्षितिजनं बाण बाजूला घेतला. वहिनी त्या कचऱ्याकडे बघत राहिल्या आणि नकळत चाल गुणगुणायला लागल्या: "हालवा गे पाळणा, कावेरी आली अंगणा..." गुणगुणता गुणगुणता त्यांचं बोट पडद्यावर टेकलं. मग जरा खाली टेकलं. मग आणखी खाली.

"क्षितिज, ही ओळ बघ. आणि ही. आणि ही पण. सगळ्या सारख्याच आहेत ना?"

"आहेत. मग?"

"मग काय, मग! हे ध्रुपद आहे. दर कडव्यानंतर येतंय, बरोब्बर जिथं यायला हवं तिथं. व्हायरसला ध्रुपद कळतं होय रे? काही गेलेलं नाहीये. फक्त आपल्याला वाचता येत नाहीये."

क्षितिजनं कपाळावर हात मारून घेतला. "फॉण्ट! वहिनी, फॉण्ट! मी गाढव आहे." माझ्या जुन्या फोल्डरमधून त्यानं तो फॉण्ट शोधला, नव्या यंत्रणेत नेऊन ठेवला, फाइल बंद करून पुन्हा उघडली. आणि पानावर कावेरी अवतरली! वहिनींनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला. 'हो' वर ठेवलेल्या त्या बाणावरचा माझा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही.

संध्याकाळी मला समोर नेलं. वायर निघाली, मी विझलो. पुन्हा सीडी, पुन्हा फॉण्ट, सगळं पहिल्यापासून. पण क्षितिज आता सराईत झाला होता. पाळण्याशेजारी स्टूल, स्टुलावर मी. राजसबाईंना खुर्चीत आणून बसवलं. कुणीतरी म्हणालंच, "त्यांना कशाला त्रास? त्यांना काय कळतंय आता?"

वहिनी वाचून गाऊ लागल्या आणि मधुवंती त्यांच्यामागून म्हणू लागली. कडव्यागणिक घरातली एकेक बाई येऊन जात होती. शेवटी मधुवंतीचं कडवं आलं, ध्रुपद झालं, पान संपलं. आता नव्या बाळाचं नाव घ्यायचं. मधुवंती पाळण्यावर वाकली.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. आधी नुसता सूर होता, घोगरा. मग त्यात शब्द आले. राजसबाई गात होत्या. "राजस आली गे घरा, दिवा लाव दारा..." बोलता न येणारी ती बाई गात होती आणि शब्द एकामागून एक स्वच्छ येत होते. हे कडवं माझ्याकडे नव्हतंच. स्वतःचं नाव स्वतः कसं घ्यायचं, म्हणून त्यांनी ते वहिनींना सांगितलंच नव्हतं, आणि ते राहिलंय हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"अम्मा!" म्हणून मधुवंतीनं त्यांचे पाय धरले. वहिनी माझ्यावर टाइप करायला लागल्या आणि डोळ्यांतलं पाणी माझ्या बटणांवर पडत होतं. एरवी पाण्याच्या थेंबाला मी घाबरतो. त्या दिवशी मला काही वाटलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची काळजी घ्या, प्रत काढून ठेवा, ती उद्यावर ढकलू नका. आणि एखादी गोष्ट वाचता येत नाही म्हणून ती गेली असं समजून पुसून टाकू नका. यंत्राच्या बाबतीत नको, आणि माणसाच्या बाबतीत तर नकोच नको. त्याच्याजवळ बसा आणि त्याला ओळखीची चाल गुणगुणून दाखवा.